मुलांच्या हाती द्यावयाचे प्रार्थनेचे पुस्तक

देवदर्शन आटोपून सभामंडपात क्षणभर विसावलेल्या भाविकांपैकी पुष्कळजण परत निघण्यापूर्वी देवस्थानच्या पुस्तकविक्रीच्या खिडकीशी थांबतात. आरतीसंग्रह, स्तोत्रे, व्रतकथा, क्षेत्रमाहात्म्य अशा पुस्तिका चाळल्या जातात. ज्यांच्यासोबत लहान मुले असतात, असे पालक एक प्रश्न हटकून विचारतात, की मुलांसाठी प्रार्थनेचे एखादे पुस्तक आहे काय? सेवेकरी शुभंकरोती, मनाचे श्लोक आणि रामरक्षा असलेली पुस्तिका पुढे करतात व बहुतेक पालक ती आनंदाने घेऊन जातात. क्वचित एखादी आई मात्र पाने उलटून ती परत ठेवते. हे पाठ करवून घेता येईल, पण प्रार्थना म्हणजे काय, ती कोणी कोणाला आणि कशासाठी करावयाची, हे मुलाला कळेल असे काही हवे होते, असे तिचे म्हणणे असते.

या मातेची अडचण वरवर पाहता लहान वाटते. पण तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. प्रार्थना पुस्तकातून शिकविता येते काय? येत असेल, तर त्या पुस्तकात काय लिहावे? आणि ते लिहिण्याचा अधिकार कोणाचा? शास्त्री-पंडितांचा, शिक्षकाचा, की ज्या घरात ती प्रार्थना रोज म्हटली जाते त्या घरातील माणसांचा?

वसई-विरारच्या परिसरात पूर्वी हा प्रश्न कोणाला पडला नसावा. केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतून दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लागे, ओटीवर आजी नातवंडांना घेऊन बसे, आणि त्याच सुमारास चर्चची घंटा होऊन शेजारच्या ख्रिस्ती घरांत माळेची प्रार्थना सुरू होई. मुलांना प्रार्थना शिकवावी लागत नसे. ती सायंकाळच्या हवेतच असे. आज चित्र पालटले आहे. २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींतून राहणारे आईवडील पहाटेची लोकल पकडून सुमारे साठ किलोमीटरवरील चर्चगेटपर्यंत नोकरीला जातात आणि परततात तेव्हा दिवेलागण उलटून दोन-तीन तास झालेले असतात. आजी गावी असते. मूल पाळणाघरात किंवा शिकवणीत असते. अशा घरातील आईने पुस्तक मागितले, तर त्यात तिचा आळस नाही. जे काम एकेकाळी साऱ्या घराने मिळून केले, ते तिला आता रात्री नऊनंतरच्या पंधरा मिनिटांत एकटीने करावयाचे आहे.

मराठीत असे पुस्तक नाही असे नाही. आपल्या भाषेतील ज्या पुस्तकाने गेली नव्वद वर्षे मुलांना प्रार्थनेचा अर्थ सांगितला, ते 'प्रार्थनेचे पुस्तक' म्हणून ओळखलेच जात नाही, एवढेच. ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींची 'श्यामची आई'.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोलीजवळील पालगड येथे झाला. मातुःश्री यशोदाबाई १९१७ साली निवर्तल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी, स्वातंत्र्याच्या चळवळीत शिक्षा भोगत असताना, नाशिकच्या कारागृहात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते लेखन संपविले. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. (याच नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात पोर्तुगीज बनावटीची मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मधील वसईच्या विजयाची खूण म्हणून ती तेथे गेल्याचे सांगतात. एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतलेला धातू दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला निनाद देत राहिला, ही गोष्ट वसईकरांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.)

'श्यामची आई'ची मांडणी भाविकांनी थोड्या बारकाईने पाहावी. एका आश्रमात सायंकाळची प्रार्थना होते आणि ती संपल्यावर श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. म्हणजे पुस्तकातील प्रत्येक कथा प्रार्थनेच्या पाठोपाठ येते. प्रार्थनेचे शब्द आधी होऊन जातात; मग त्या शब्दांचा अर्थ एका बाईच्या वागण्यातून उलगडत जातो. गुरुजींनी हा क्रम हेतुपूर्वक योजिला असो वा नसो, मुलांसाठी प्रार्थनेचे पुस्तक लिहू पाहणाऱ्या कोणालाही याहून चांगला आराखडा सापडणे कठीण आहे.

त्यातील एक प्रसंग तर सर्वश्रुत आहे. खेळून आलेल्या श्यामला आई सायंकाळी न्हाऊ घालते. ओले पाय मातीत टेकले तर पुन्हा मळतील, म्हणून तो हट्ट धरतो, की आईने आपला ओचा धोंडीवर पसरावा. आई तो पसरते. त्यावर पाय ठेवून श्याम घरात उडी मारतो. मग देवाला फुले वाहावयास निघालेल्या या मुलाला ती सांगते, की पायाला घाण लागू नये म्हणून जसा जपतोस, तसे मनालाही जप, आणि देवापाशी शुद्ध बुद्धी माग.

या प्रसंगावर महाराष्ट्रात असंख्य भाषणे झाली असतील. बहुतेक वक्ते आईच्या उपदेशावर भर देतात; पण उपदेश हा या घटनेचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्धात ती माउली मुलाचा बालहट्ट ऐकून आपले नेसते वस्त्र ओल्या धोंडीवर अंथरते. तिने रागावून सांगितले असते, की पायाला इतके जपतोस, जरा मनालाही जप, तर शब्द तेच राहिले असते आणि त्यांचे बोलणे झाले असते, टोमणा झाला असता. ओचा भिजला म्हणून शब्द मुरले. देवाकडे काय मागावे, हे श्यामला त्या सायंकाळी एका वाक्यात समजले. आणि मागणारा कोणाच्या तरी मायेवर उभा असतो, हे त्याच्या तळपायांना समजले.

म्हणूनच मुलांच्या प्रार्थनेचे पुस्तक घरातून यावे लागते. प्रार्थनेतील शब्द, उदाहरणार्थ बुद्धी, क्षमा, शरण, कृपा, हे सारे मुलाच्या दृष्टीने रिकामे डबे असतात. त्यांत भरावयाचा माल घरातच मिळतो. ज्या मुलाला कोणी क्षमा केलेली नाही, त्याला क्षमेची प्रार्थना शिकविणे म्हणजे न पाहिलेल्या फळाची चव वर्णन करून सांगण्यासारखे आहे.

तरीही पाठांतराला कमी लेखू नये. अर्थ कळल्यावाचून पाठ करणे निरर्थक, असा एक सूर आजकालच्या सुशिक्षित पालकांत ऐकू येतो, आणि तो काहीसा उतावळा आहे. याविषयीही 'श्यामची आई'त एक मार्मिक कथा आहे. शेजारच्या भास्करला रामरक्षा येते, श्यामला येत नाही, आणि याचे श्यामला फार वाईट वाटते. त्याच्याजवळ पुस्तक नसते. आई त्याला सुचविते, की भास्करचे पुस्तक घेऊन ती उतरून काढावी. श्याम रविवारी बसून सारी रामरक्षा स्वहस्ते लिहून काढतो आणि मग पाठ करतो. छापील पुस्तक घेण्याची ऐपत नसलेल्या घरात, मुलाच्या हाताने तयार झालेले ते एक प्रार्थनेचे पुस्तकच नव्हे काय? त्यातील संस्कृत त्या वयात त्याला कितपत समजले असेल, हा प्रश्न गौण आहे. हे स्तोत्र मी मिळविले आहे, ही भावना त्या वहीतून त्याला लाभली. शब्द आधी कंठात जाऊन बसतात, अर्थ कधी दहा वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनी, एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेले असताना त्यांना येऊन मिळतो. ज्याच्या कंठात शब्दच नाहीत, त्याच्या वाट्याला ती वेळ येते तेव्हा तो मुका राहतो.

महात्मा गांधींनी आत्मकथेत अशीच एक गोष्ट नोंदविली आहे. लहानपणी त्यांना भुताखेतांची भीती वाटे. रंभा नावाच्या त्यांच्या दाईने त्यावर रामनाम घेण्याचा उपाय सांगितला. रामनामाचे तत्त्वज्ञान रंभेने सांगितले नाही. भ्यालेल्या मुलाला तिने धरावयास एक काठी दिली, आणि ती त्यांच्या हातात आयुष्यभर राहिली.

याच काळात मराठीत दुसरेही एक पुस्तक आईच्या शब्दाखातर लिहिले गेले. त्याचा निर्देश केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. विनोबा भावे यांच्या मातुःश्री रुक्मिणीदेवी बडोद्यास राहत. गीतेवरील प्रवचन त्या ऐकावयास जात. पण संस्कृत कळत नसे. मुलाला त्यांनी मराठी गीता आणावयास सांगितली. विनोबांनी आणून दिलेले पद्यमय भाषांतरही त्यांना अवघड गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, की मग तूच का नाही करीत? १९१८ साली त्या निवर्तल्या. बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबांनी 'गीताई' लिहावयास प्रारंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. तिच्या नावातच आई आहे. लिहून झाल्यावर तिची परीक्षा विनोबांनी विद्वानांपुढे केली नाही. आश्रमातील लहान मुलींना ती शिकवून पाहिली, आणि जेथे त्या अडखळल्या तेथे शब्द बदलले. संस्कृताचा एवढा व्यासंग असलेल्या पुरुषाने बालिकांच्या अडखळण्याला प्रमाण मानावे, यात त्यांच्या विद्वत्तेचे खरे मोठेपण दिसते.

या मातेची एक आठवण देवस्थानांत येणाऱ्या प्रत्येक भाविकाला ठाऊक असावी. तिने देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते. रोज मूठभर तांदूळ घेऊन ती एकेक दाणा मोजून वाही. विनोबांचे वडील हिशेबी, शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले, की एक तोळा तांदळात किती दाणे भरतात ते मोजावे, त्यावरून लक्ष दाण्यांचे वजन काढावे, आणि उणे पडू नये म्हणून अर्धा तोळा अधिक घालावा. तर्काने यात खोट काढता येत नाही, आणि त्या साध्वीला उत्तरही सुचेना. सायंकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले, की ही गणिताची बाब नाही. एकेक दाणा मोजताना मन देवापाशी असते, म्हणून एकेकच मोजावा. ती संतुष्ट झाली आणि तिने हे उत्तर पतीला सांगितले.

येथे कोणी कोणाला प्रार्थना शिकविली? वर्षानुवर्षे आईला मोजताना पाहिले होते, म्हणून मुलाला उत्तर सुचले. आणि मुलाने शब्द दिले, तेव्हा आईला आपल्याच कृतीचा अर्थ सांगता आला. प्रार्थना आईकडून मुलाकडे वाहते, असे आपण गृहीत धरतो. घरात ती दोन्हीकडून वाहत असते. मुलांसाठी लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेविले, तर पुस्तकातील मूल केवळ हात जोडून ऐकणारे राहणार नाही. ते विचारील, आणि प्रसंगी सांगेलही.

या दोन घरांत आणखी एक साम्य आहे. ते किरकोळ असले तरी सांगण्यासारखे आहे. विनोबांच्या मातुःश्री स्वयंपाक करताना अभंग गाण्यात इतक्या रंगून जात, की पदार्थात मीठ घातले की नाही, याचे भान राहत नसे व कधी ते दोनदा पडे. श्यामच्या आईकडून एकदा भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले, आणि वडिलांनी ती अळणी भाजी एक शब्दही न बोलता खाल्ली. प्रार्थनेचे मूल्य ताटात उतरते ते असे. एके ठिकाणी भक्तीमुळे मीठ अधिक झाले, दुसऱ्या ठिकाणी प्रेमामुळे उणे मीठ कोणाला जाणवले नाही.

या दोन पुत्रांची गाठ धुळ्याच्या कारागृहात पडली. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने शब्दशः टिपून घेतली. त्याच वर्षी 'गीताई' प्रसिद्ध झाली. पुढच्या फेब्रुवारीत नाशिकच्या कोठडीत 'श्यामची आई' लिहिली गेली. दोघांच्याही माता त्यापूर्वी जग सोडून गेल्या होत्या, दोघेही घरापासून दूर होते. ज्या पुस्तकांनी महाराष्ट्रातील घराघरांत प्रार्थना पोचविली, ती घर हरपलेल्या माणसांनी लिहिली.

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळले पाहिजे. यात्रेकरूंपैकी अनेकजण नवस बोलण्यासाठी वा फेडण्यासाठी येतात. जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढणारी माता मुलाच्या आरोग्यासाठी चढत असते, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या नावाने अभिषेक होतात. यात गैर काही नाही. संकटात माणसाने देवाला हाक मारू नये, तर कोणाला मारावी? पण मुलाला प्रार्थना शिकविताना ती मागण्याची युक्ती म्हणून शिकविली, तर एक दिवस ते विचारणारच, की मी मागितले, मग देवाने का दिले नाही? या प्रश्नाला घरोघर बगल दिली जाते. नीट हात जोडले नसशील, मन लावले नसशील, अशी उत्तरे मिळतात. त्यांनी मुलाच्या मनात देवाविषयी नव्हे, स्वतःविषयी संशय उत्पन्न होतो.

श्यामच्या आईच्या प्रार्थनांचे काय झाले? घरावरील कर्ज फिटले नाही. सावकाराचे माणूस दारात येऊन अपमान करून गेले. तिचे दुखणे हटले नाही. आणि तिला भेटावयास निघालेला श्याम पोचण्याआधीच ती गेलेली होती. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचा असा शेवट आजच्या एखाद्या प्रकाशकाने मान्य केला असता काय, याची शंकाच आहे. गुरुजींनी तो बदलला नाही. मातेने आयुष्यभर देवाला आळविले आणि तिच्या वाट्याला दारिद्र्य आले, ही वस्तुस्थिती त्यांनी लपविली नाही, आणि त्याबद्दल देवाला दूषणही दिले नाही. ती माउली सरतेशेवटी लेकरांनी परस्परांशी प्रेमाने नांदावे, एवढ्याच चिंतेत असते.

हे वाचून मुले रडतात. पण फसविली गेली असे त्यांना वाटत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. ज्या पुस्तकात प्रत्येक प्रार्थना फळते, ते पुस्तक मूल आठव्या वर्षी आवडीने वाचील आणि बाराव्या वर्षी, आजोबा वाचले नाहीत त्या दिवशी, कायमचे मिटून ठेवील. ज्या पुस्तकाने आधीच खरे सांगितले, त्याकडे ते पुन्हा वळू शकते. लेकराला देवाविषयी खोटे सांगून भाविक करावे काय, या प्रश्नाला तडजोडीचे उत्तर नाही. सांगू नये.

मग न फळणाऱ्या प्रार्थनेने केले तरी काय? याचे उत्तर शोधण्यासाठी पालगडच्या घरातून पंढरपुरास जावे लागते. 'श्यामची आई'त एक कथा आहे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एक म्हातारी लाकडांची मोळी उचलता न आल्याने खोळंबलेली असते. आई श्यामला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे. आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. ती तिच्या काळाची मर्यादा होती, आणि गुरुजींनी तीही झाकली नाही. आईने मोळीपर्यंत नेले. पुढचे पाऊल मुलाने टाकावयाचे होते. श्रीविठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. शुद्ध बुद्धी माग, असे जिने सांगितले, तिच्या मुलाने ती बुद्धी कोठवर नेली, हे सर्वांसमोर आहे. आज कोणत्याही देवस्थानात कोणताही भाविक जात न विचारता गाभाऱ्यासमोर उभा राहतो. त्या रांगेच्या इतिहासात पालगडच्या एका ओल्या धोंडीचाही वाटा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. श्यामला लाभली तशी आई प्रत्येकाला कोठून मिळावी? ज्या घरात भांडण आहे, व्यसन आहे, किंवा आई अकाली गेली आहे, त्या घरच्या मुलाने काय करावे? हा आक्षेप टाळून चालणार नाही. कारण मातृमहात्म्याच्या गौरवात अशा मुलांचे दुःख बहुधा विसरले जाते. गुरुजींना मात्र ते ठाऊक होते. १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था पाहत असत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. आई जवळ नसलेल्या मुलांसाठी काय करावे, याचा अभ्यास त्यांनी पुस्तक लिहिण्यापूर्वी कित्येक वर्षे हातात केरसुणी घेऊन केला होता. त्यामुळे 'श्यामची आई' वाचताना परक्या मुलाला हेवा वाटत नाही. बेचाळीस रात्रींपुरती ती त्याचीही आई होते. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला लाभले. २०२३ साली त्यावर पुन्हा चित्रपट निघाला. पिढ्या बदलल्या तरी मुलांनी ही आई परकी मानली नाही.

तेव्हा पुस्तकविक्रीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मातेला काय सांगावे? स्तोत्रांची पुस्तिका तिने अवश्य न्यावी. 'श्यामची आई' मराठीच्या कोणत्याही ग्रंथालयात मिळेल; रोज निजण्यापूर्वी एक रात्र वाचली, तर दीड महिन्यात पुरी होईल, आणि नऊनंतरच्या पंधरा मिनिटांत ती सहज बसते. पण याहून अधिक करणे तिला शक्य आहे. काही घरांतून अशी पद्धत आढळते, की आजीच्या तोंडची गाणी, ओव्या, सणावारी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना एका वहीत उतरवून ठेवल्या जातात. वसईच्या परिसरात वाडवळी, कादोडी, कोळी अशा बोलींतून कुलदैवताला घातलेली गाऱ्हाणी आजही वृद्ध मंडळींच्या मुखी आहेत आणि त्यांतील बरीचशी कोठेही छापलेली नाहीत. अशा वहीत शब्दांबरोबर प्रसंगही लिहावेत. आजोबांचे गलबत वेळेवर परतले नाही, तेव्हा घरी काय म्हटले गेले. वाडीत पाणी शिरले त्या वर्षी गौरी कशा आणल्या. अमुक आत्याच्या आजारात कोणी कोणता उपवास धरला, आणि त्या आत्या वाचल्या नाहीत तरी तो उपवास पुढे का चालू राहिला.

लिहिणाऱ्याला भाषा चांगली यावीच असे नाही. शुद्धलेखनाच्या चुका होतील. वही मुलाच्या हाताने लिहविली तर उत्तम, कारण लिहिताना ते विचारील, आणि मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल. काही प्रश्नांची उत्तरे मोठ्यांजवळही नसतील. तेथे पान कोरे सोडावे आणि मुलाला तसे सांगावे. पुढे कधी, आई नसताना, ते कोरे पान तो स्वतः भरील.